हललं तेवढंच

वसईत पाचूबंदरला खाडीच्या कडेला बसा. घाई नको. मोबाइल खिशातच राहू द्या.

समोरून एक होडी गेली, मागोमाग दुसरी. दोघींच्या लाटा एकमेकींत शिरताहेत. कुठे पाणी दुप्पट उठतंय, कुठे लाटेनेच लाट खाल्ली म्हणून सपाट पडतंय. त्या नक्षीकडे बघत राहा. होड्या कुठून गेल्या, हे थोडा वेळ तरी तिच्यात वाचता येतं.

उजेडाच्या लाटांचीही अशी नक्षी टिपता येईल, हे भौतिकशास्त्रज्ञ डेनिस गाबोर यांना 1947 साली सुचलं. फोटोत उजेड किती तेवढंच उतरतं. लाट कुठल्या टप्प्यावर होती ते हरवतं आणि त्यासोबत खोलीही. वस्तूवरून आलेल्या लाटेत दुसरी, ओळखीची लाट मिसळायची. त्या दोघींची नक्षी म्हणजे होलोग्राम. आता ती सेन्सर टिपतो आणि संगणक तिच्यातून वस्तू उभी करतो.

याच खाडीचा एक थेंब मनात धरा. त्यात नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जीव वरखाली पोहताहेत. सूक्ष्मदर्शक एका वेळी एकच थर स्पष्ट दाखवतो. होलोग्राम आधी घ्यावा, थर मागाहून निवडावा.

अडतं ते वेगापाशी. साधा कॅमेरा ठरावीक वेळाने अख्खं चित्र काढतो, हललेलं-न हललेलं सगळंच. मधल्या वेळात जीव निसटतो. इव्हेंट कॅमेरा वेगळा: त्यात प्रत्येक पिक्सेल स्वतंत्र. आपल्यापुरता उजेड बदलला तरच तो खबर देतो, तीही मायक्रोसेकंदांच्या हिशेबाने. पाठीमागचा न हलणारा किल्ला त्याच्या लेखी नाहीच!

आता पलीकडच्या काठावरच्या एकाच ठिपक्यावर नजर रोखा. पापणी लववू नका. हळूहळू कडेचं फिकट होऊ लागेल. डोळाही बदलावरच जगतो. नजर रोखलेली असतानाही बुबुळ बारीक थरथरत असतं, म्हणून जग पुसलं जात नाही.

गोम इथेच आहे. नक्षी स्थिर राहिली की इव्हेंट कॅमेरा आंधळा. मग ओळखीच्या लाटेचा टप्पा मुद्दाम सरकवतात. नक्षी हलते, पिक्सेल जागे होतात. मला ही खोडी वेगापेक्षाही आवडते.

पण हा कॅमेरा उजेड किती होता ते सांगत नाही, बदलला तेवढंच सांगतो. मूळ नक्षी हिशेबाने जुळवावी लागते आणि त्यात चुका शिरतात. पोहणाऱ्या जीवांसाठी तो उत्तम. निवांत पडलेल्या वस्तूसाठी साधा कॅमेराच घ्यावा.