देवाचे रान, सरकारचे रान

मुळशीच्या डोंगररांगांतल्या देवराया वाघजाई, काळकाई, भैरव अशा दैवतांच्या नावाने राखल्या गेल्या. अनेक ठिकाणी तिथले वाळके लाकूडही उचलायचे नाही, असा दंडक असे. देवळासाठी झाड हवेच असेल तर कौल लावायचा. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा आसपासचे डोंगर बोडके होऊनही हे तुकडे दाट राहिलेले दिसले. या राखणीचा पाया मालकीच्या कल्पनेत आहे. रान देवाचे, म्हणून ते विकण्याचा हक्क कुणालाच नाही.

विकासाच्या हिशेबात अशी जमीन बसत नाही. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी मुळशीचे खोरे बुडणार म्हणून १९२१ साली ‘जान किंवा जमीन’ म्हणत सत्याग्रह झाला. पुढे सेनापती बापट त्याचे नेते झाले. शेताचा मोबदला ठरवता येतो. ग्रामदैवताच्या जागेचा कसा ठरवणार? धरण झाले आणि प्रश्न तसाच राहिला.

याच डोंगररांगांत २०१३ साली ताम्हिणी अभयारण्य घोषित झाले. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार राष्ट्रीय उद्यानात गुरे चारायला बंदी असते. अभयारण्यात काही हक्क परवानगीने चालू राहू शकतात. दोन्हीकडे माणूस हा अपवाद ठरतो. देवराईत तो राखणदार असतो, आणि नैतिक पाया म्हणून हे अधिक भक्कम वाटते.

कायद्याची परवानगी हाही एक कौलच. पण तो सहसा अटींसह ‘हो’ म्हणतो. मुळशीतल्याच लवासा या खासगी गिरिनगराचे काम केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नोव्हेंबर २०१० मध्ये थांबवले आणि वर्षभरात पहिल्या टप्प्याला सशर्त मंजुरी दिली. अर्थात देवाचा कौलही शेवटी माणसेच वाचतात. श्रद्धा उरते, भीती जाते, आणि सिमेंटच्या सभामंडपासाठी राईवरच कुऱ्हाड पडते. त्यामुळे केवळ श्रद्धेवर धोरण उभे राहत नाही.

श्रद्धेला कायद्याची जोड म्हणून वन्यजीव कायद्यात २००२च्या दुरुस्तीने आलेली ‘सामुदायिक राखीव क्षेत्र’ ही तरतूद आहे. राजस्थानातल्या देववनांसाठी ती वापरावी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये सुचवले. मात्र ती खासगी किंवा सामुदायिक जमिनीलाच लागू होते. अभयारण्याच्या हद्दीतल्या देवराईला तिचा उपयोग नाही.