पादुकांचे पूजन आणि आपले पाय



मंडळी, मार्गशीर्ष लागला की आपल्या पायांना दत्तस्थानांची ओढ लागते. कोणी वाडीला निघतो, कोणी गाणगापूरला, कोणी औदुंबरला. ज्यांना प्रवास झेपत नाही ते गावातल्या मंदिरात प्रदक्षिणा घालतात. आणि जाऊन माथा कुठे टेकतो आपण? पादुकांवर. वाडीच्या मनोहर पादुका, औदुंबरच्या विमल पादुका, गाणगापूरच्या निर्गुण पादुका. वाडीला अभिषेक होतो. गाणगापूरला मात्र निर्गुण पादुकांना पाण्याचा स्पर्श नाही, तिथे केशर-अत्तराचे लेपन. कोणत्या पादुकांना काय चालते आणि काय चालत नाही, हे पुजारी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांत तेल घालून सांभाळत आली आहेत.

आता मला सांगा, तुम्ही स्वतःचे तळपाय शेवटचे कधी पाहिलेत?

हसू नका. विषय गंभीर आहे. आपल्या सभेत बहुतेक साठीच्या पुढचे लोक असतात आणि त्यांतल्या कितीतरी जणांच्या पिशवीत जपमाळेशेजारी शुगरची गोळी असते. मधुमेह म्हटला की आपण पेढ्याचा विचार करतो, डोळ्यांचा करतो, मूत्रपिंडाचाही करतो. पायांचा विचार सगळ्यात शेवटी, आणि बहुधा उशिरा. रक्तातली साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की पायाच्या नसा हळूहळू बधिर होतात. आधी मुंग्या येतात, रात्री तळव्यांची आग होते, मग कापसावर चालल्यासारखे वाटू लागते. आमच्याकडची एक साधी खूण सांगतो : चप्पल पायातून निसटून मागे राहते आणि माणूस चार पावले तसाच पुढे जातो. त्याला पत्ताच नसतो! लोक म्हणतात, विसराळू झाले. विसराळू नव्हे हो, पायाला कळेनासे झाले आहे.

वेदना ही आपल्याला शिक्षा वाटते. पण देवाने शरीराला दिलेली ती राखणदार आहे. तीच गेली की काटा रुतला तरी कळत नाही, चटका बसला तरी कळत नाही. त्यातच पायाकडे जाणारे रक्तही कमी झालेले असेल तर जखम भरत नाही, चिघळते, आणि एका फोडापायी बोट, कधी पाऊलसुद्धा काढावे लागते. जखम दुखत नाही म्हणून माणूस निर्धास्त असतो. दुखत नाही, हीच तर काळजीची गोष्ट आहे.

मंडळातलेच एक काका. दरवर्षी जयंतीला अनवाणी प्रदक्षिणा घालण्याचा नेम. त्या दिवशी रांग लांबली, प्रदक्षिणा भर दुपारी झाल्या, फरशी तापलेली. काकांना काही जाणवले नाही. ते म्हणाले, महाराजांनी चटका लागू दिला नाही. संध्याकाळी सुनेने फरशीवर ओलसर डाग पाहिले आणि पाय उचलायला लावला, तर तळव्याला रुपयाएवढा फोड फुटलेला. सून हुशार, रात्रीच दवाखान्यात घेऊन गेली. दीड महिना मलमपट्टी चालली, पण पाय वाचला. काकांच्या श्रद्धेत खोट नव्हती. पण बधिर झालेल्या नसेला कृपा समजू नये, एवढेच माझे म्हणणे.

काही जण म्हणतील, अहो, देहाचे भोग प्रारब्धाचे. औषधपाण्यात किती अडकायचे? त्यांनी गुरुचरित्राचा तेरावा अध्याय आठवावा. पोटशूळाने गांजलेला ब्राह्मण जीव द्यायला नदीत उतरतो. श्रीनृसिंहसरस्वती त्याला ‘भोग तुझा, तूच भोग’ असे सांगून सोडून देत नाहीत. शिष्यांकरवी बाहेर काढतात, जवळ बसवून दुखणे विचारतात, आणि तुझ्या रोगावर औषध आहे म्हणून धीर देतात. मग सायंदेवाला त्याला घरी नेऊन जेवू घालायला सांगतात. आता याच अध्यायाचा दाखला देऊन ‘गुरूंनी रोग्याला गोडधोड खाऊ घातले’ म्हणत प्रसादाचे चार पेढे उचलणारेही मी पाहिले आहेत. त्यांना मी सांगतो, औषध काय द्यायचे ते गुरूंनी ठरवले होते, रोग्याने नाही. प्रसाद कणभर घेतला तरी तो प्रसादच असतो.

तेव्हा रोज पादुकांना फूल वाहिले की स्वतःचे पाय पाहण्याचाही नेम धरा. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून तळवा पाहावा. दृष्टी अधू असेल तर नातवाला सांगावे, आजोबांचे पाय बघ रे. तो आनंदाने बघतो. भेग, फोड, लाली, सूज, बोटांच्या बेचक्यात पांढरी ओल, यांतले काही दिसले तर ते लहान म्हणून सोडू नये. पाय कोमट पाण्याने धुवावेत. पाणी किती गरम आहे ते कोपराने पाहावे, पायाने नाही, कारण पाय खोटी साक्ष देईल. बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात. थंडीत टाचांना खोबरेल लावावे, बेचक्यांत नको. नखे सरळ कापावीत, कोपरे खोल कोरू नयेत. भोवरी झाली तर ब्लेडने तासायची नाही. थंडी वाजते म्हणून शेकोटीजवळ तळवे धरणे, गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपणे, हे तर कटाक्षाने टाळावे. वर्षातून एकदा तरी डॉक्टरांकडून पायांची संवेदना तपासून घ्यावी. बारीक दोऱ्यासारख्या तंतूने टोचून पाहतात, पाच मिनिटांचे काम असते.

आणि जखम झालीच तर? अंगारा कपाळाला लावावा. जखमेत भरू नये. हळद, चुना, तंबाखू, काहीही भरू नये. स्वच्छ पाण्याने धुऊन, कोरडे कापड बांधून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

सप्ताहाला बसणाऱ्यांसाठी आणखी थोडे. सात दिवस काही जण एकभुक्त राहतात, काही हविष्यान्न घेतात, काही पायात चप्पल घालत नाहीत. नेम उत्तम आहेत. पण इन्सुलिन घेणाऱ्याने किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने एक वेळचे जेवण सोडून औषध मात्र नेहमीइतकेच घेतले, तर साखर एकदम खाली येते. वाचता वाचता दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, ओवी डोळ्यांपुढे असून अर्थ लागत नाही. शेजारच्यांना वाटते, भाव दाटून आला. साखर ७० च्या खाली गेलेली असते! अशा वेळी पोथी क्षणभर मिटून तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, बरे वाटले की थोडे खाऊन घ्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये, सरळ दवाखान्यात न्यावे. उलट, उपवास म्हणून ताटभर साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर साखर झपाट्याने चढते, हेही ध्यानात असू द्या. म्हणून संकल्प सोडण्याआधी डॉक्टरांना भेटून गोळ्यांची वेळ आणि मात्रा ठरवून घ्यावी. गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. आसनाजवळ पाण्याचे तांब्याभांडे आणि साखरेची पुडी ठेवावी. त्याने सोवळे मोडते असे कोणी म्हणाले तर माझे नाव सांगा.

चपलेचेही तेच. घराच्या अंगणातसुद्धा अनवाणी फिरू नका, आणि चपलेत पाय घालण्याआधी ती झटका. कातड्याची चालत नसेल तर कापडाची किंवा रबराची मऊ चप्पल घ्या. मंदिरात जाड सुती मोजे घाला. ते प्रदक्षिणेला निघताना स्वच्छ असावेत आणि पांढरे असावेत. पांढऱ्यावर रक्ताचा ठिपका लगेच दिसतो. यंदा जयंतीच्या दिवशी प्रदक्षिणा सकाळी उन्हाआधी घाला, नाहीतर जन्मकाळानंतर दिवे लागल्यावर. पालखी झाली, प्रसाद झाला, घरी आलात की झोपण्याआधी मोजे काढून दिव्याजवळ बसा आणि दोन्ही तळवे नीट बघा.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥