भाकर मोडण्याआधी

नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या चर्चमध्ये हंगामाच्या सणाला वेदीपुढे पाय ठेवायला जागा नसते. बाजरीच्या पेंढ्या, भोपळे, अंडी, गुळाची ढेप, पाय बांधलेली एखादी कोंबडी. उपासना संपली की अंगणात लिलाव होतो आणि चार पैशांचा भोपळा लोक चढाओढीने भलत्याच किमतीला घेतात, कारण तो पैसा मंडळीच्या कामाला लागणार असतो.

१९७२च्या दुष्काळात ही जागा रिकामी होती. मी चौथीत होतो. गावातली निम्मी माणसे खडी फोडायला जात होती. उपासना सुरू झाल्यावर नात्यातली एक म्हातारी आत्या दुष्काळी कामावरून तशीच आली. हाताला चिंध्या बांधलेल्या होत्या. तिने पदराची गाठ सोडली आणि चार पोचट कणसे व कामावर मिळालेली मूठभर सुकडी वेदीपुढे ठेवली. पाळकांनी नेहमीसारखीच उपकारस्तुतीची प्रार्थना केली. त्या वर्षी लिलाव झाला नाही. सुकडी आम्हा पोरांना चिमूट चिमूट वाटली. मी आत्याला विचारले, "पीकच नाही, मग सण कशाचा?" ती म्हणाली, "एकटीनं खाल्ली आसती तर सुकडी व्हती. हितं आणली म्हंजी सण झाला."

या वाक्याचा अर्थ कळायला मला जवळजवळ पन्नास वर्षे लागली.

२०२१च्या एप्रिलमध्ये कोविडने माझा धाकटा भाऊ गेला. सांत्वनाला फोन येत. त्यातले एक-दोघे कळकळीने सांगत, "यातही देवाची योजना आहे, आभार माना." त्यांचा हेतू चांगला होता, पण ते शब्द जखमेवर मिठासारखे लागले. विश्वासू माणसाने रडू नये, तक्रार करू नये, ओठांवर सतत स्तुती ठेवावी, अशी एक समजूत आपल्या मंडळ्यांतून मुरली आहे. ती क्रूर आहे, आणि पवित्र शास्त्राला धरूनही नाही.

स्तोत्रसंहिता उघडून पाहावी. दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे तिसरा हिस्सा विलापाचा आहे. कोठवर, असे देवाला विचारणारा, अंथरूण आसवांनी भिजवणारा माणूस त्यात पानोपानी भेटतो. तरीही या ग्रंथाचे हिब्रू नाव 'तेहिल्लीम' आहे, म्हणजे स्तवने. ज्यांनी हे नाव ठेवले, त्यांना देवापुढे मोकळेपणी केलेला आक्रोशही स्तुतीच्याच घरात राहतो, हे ठाऊक होते. ऐकणारा आहे असे मानल्याशिवाय कोणी गाऱ्हाणे घेऊन जात नाही.

ख्रिस्ती उपकारस्तुतीचे मूळ याहून खोल आहे. प्रभुभोजनाला आरंभीच्या मंडळीने जे ग्रीक नाव दिले, त्या 'युखारिस्तिया'चा साधा अर्थ उपकारस्तुती. आणि ती केली कोणत्या वेळी? विश्वासघाताच्या रात्री. यहूदाचा सौदा ठरलेला होता, शिष्य पळणार होते, वधस्तंभ काही तासांवर होता. येशूने भाकर घेतली, आभार मानले, ती मोडली आणि दिली. त्याच रात्री गेथशेमाने बागेत त्याने, हा प्याला माझ्यापासून टळो, म्हणून याचना केली. आभार आणि आकांत एकाच माणसाच्या, एकाच रात्रीच्या प्रार्थनेत आहेत. एकाला खरे ठरवण्यासाठी दुसऱ्याला खोटे ठरवावे लागत नाही.

त्या चार क्रिया एकापाठोपाठ एक येतात, हे मला महत्त्वाचे वाटते. आभार मानून येशू भाकर हातात धरून बसला नाही. वाटण्यासाठी ती मोडली. आपण उपकारस्तुतीला जमाखर्च करून टाकले आहे: काय मिळाले, किती मिळाले, दुसऱ्यापेक्षा बरे आहे की नाही. संकटात हा जमाखर्च तोट्यातच जातो. आभाराचे खरेपण मात्र पुढच्या क्रियेत दिसते.

पंडिता रमाबाईंकडे पाहा. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण गेली. उरलेली दोन भावंडे देशभर पायी हिंडली. पंजाबात झेलमच्या काठी थंडीत अंगावर पांघरूण नव्हते, म्हणून त्यांनी वाळूत खड्डे खणले आणि डोके बाहेर ठेवून स्वतःला कोरड्या वाळूने झाकून घेतले. पुढे १८८०मध्ये भाऊ गेला, १८८२मध्ये पती. त्यांनी या आठवणी लिहिल्या, दुःखाला साखर लावली नाही. १८९६-९७चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-स्त्रियांना घेऊन आल्या. केडगावच्या माळावर त्यातून 'मुक्ती' ही संस्था उभी राहिली. आपण जगलो याचा अर्थ त्यांनी उपाशी पोरींच्या ताटात शोधला.

जर्मनीत तीस वर्षांच्या युद्धात आयलेनबुर्ग या तटबंदीच्या गावात निर्वासितांची गर्दी झाली आणि १६३७मध्ये प्लेग शिरला. मार्टिन रिंकार्ट या पाळकाने त्या वर्षी सुमारे साडेचार हजार माणसांना मूठमाती दिली. त्यांत त्याची पत्नीही होती. प्रॉटेस्टंट जगात सर्वाधिक गायल्या जाणाऱ्या उपकारस्तुतीच्या गीतांपैकी एक त्याच पाळकाचे, त्याच युद्धकाळातले आहे. मुळात ते त्याने आपल्या मुलांसाठी जेवणाआधीची प्रार्थना म्हणून रचले, असे मानतात. भाकर मोडण्याआधी म्हणायचे चार शब्द.

भाऊ गेल्यावर तीन आठवडे माझ्या तोंडून आभाराचा शब्द निघाला नाही. घर विलगीकरणात होते. शेजारच्या काकू रोज दुपारी फाटकावर डबा ठेवून हाक मारत आणि दूर जाऊन उभ्या राहत. एका रात्री मी वहीत तारीख घातली आणि लिहिले: 'मेथीची भाजी, दोन भाकरी.' एवढेच. भावाच्या मरणाबद्दल मी आजही आभार मानलेले नाहीत आणि देव ते मागतो असे मला वाटत नाही. पण त्या डब्याबद्दल मानले, आणि विलगीकरण संपल्यावर आमच्या स्वयंपाकघरातून दुसऱ्या एका घरी डबा जाऊ लागला. तेव्हा आत्याची चिमूटभर सुकडी आठवली.

म्हणून वाचकांना एक विनंती. दिवाळीत तुमच्या ओळखीच्या एखाद्या घरात दुःखामुळे आकाशकंदील लागला नसेल. त्या माणसाला आभार मानायला सांगू नका. त्याच्या शेजारी बसा, त्याला रडू द्या, आणि त्याच्याकडे जाताना डबा घेऊन जा. आभार तो मानेल तेव्हा मानेल. तोवर तुमच्या वाट्याची उपकारस्तुती त्या डब्यातून होऊ द्या.