फटफटीचा सूर

डोळे मिटता येतात, तोंड मिटता येते; कान मात्र मिटता येत नाहीत. म्हणून आवाज करणाराची जबाबदारी ऐकणारापेक्षा मोठी, असे मी वर्गात सांगत आलो आहे. मुले माना डोलावतात. पुढे त्यांतलीच काही मिसरूड फुटल्यावर आमच्या उचगावच्या रस्त्याने बुलेटची पुंगळी काढून फाडफाड उडवीत जातात. दिवाळीच्या दिवसांत तर फटाका कोणता आणि फटफटी कोणती, हे ओळखणे कठीण होऊन बसते.

या पोरांना चार शिव्या हासडून लेख पुरा करता आला असता. त्याला टाळ्याही मिळाल्या असत्या. पण माझ्या मनात बरेच दिवस एक निराळाच प्रश्न घोळतो आहे. यंत्राला त्याचा म्हणून एक योग्य आवाज असतो काय? आणि असलाच, तर तो योग्य आहे हे ठरवायचे कुणी? ज्याची गाडी आहे त्याने, की ज्याच्या दारावरून ती जाते त्याने?

आवाजाच्या मागे लागणारे सगळेच काही उडाणटप्पू नसतात. जुन्या ओतीव लोखंडी इंजिनाच्या साडेतीनशेच्या बुलेटचा ठोका ज्याने ऐकला आहे, त्याला त्या वेडाचे नवल वाटणार नाही. एकच सिलिंडर, 70 मिलिमीटर रुंद; त्यात दट्ट्याची धाव 90 मिलिमीटर. इंजिनाचे दोन फेरे झाले की एकदा आतला वायू पेटायचा. जड चाकामुळे फेरे सावकाश. मिनिटाला सहाशे फेरे धरले, तर सेकंदाला पाच ठोके पडतात आणि प्रत्येक ठोका कानाला वेगळा मोजता येतो. अमेरिकेतही असेच वेड आहे. 1964 साली पाँटिअॅकची जीटीओ आली आणि तिच्या मागोमाग तसल्या दांडग्या मोटारींचे पेवच फुटले. त्यांच्या आठ सिलिंडरांच्या इंजिनात एकेका बाजूचे ठोके सारख्या अंतराने पडत नाहीत. म्हणून ती गुरगुर अडखळत, घशातल्या घशात येते. त्या गुरगुरीसाठी तिकडचे शौकीन नळी बदलून नळी बसवतात, आणि त्यात त्यांची वर्षे जातात. तेव्हा हे खूळ काही आपल्याच पोरांचे आहे, असे नव्हे.

पण यंत्राचा आवाज म्हणजे काय, हे मला शिकवले ते मोटारीने नव्हे, पंचगंगेच्या काठच्या ऑइल इंजिनाने. नदीवर इंजिन पुक्‌पुक् करीत असे आणि शेतकरी अर्ध्या मैलावर घोंगडीवर पडलेला असे. मधेच इंजिन हलके झाल्यासारखे, भराभर बोलू लागले की तो उठून बसे. पंपाने पाणी सोडले, हे त्याला तेथेच कळे. त्या आवाजात डौल नव्हता, दिमाख नव्हता. होती ती फक्त खबर. आपल्यावर किती भार आहे, हे इंजिन प्रामाणिकपणे सांगत होते.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका मिस्त्रींकडे मी अधूनमधून बसतो. कादंबरीकाराला माणसे लागतात, आणि गॅरेजात ती आपण होऊन येतात. एकदा एका तरुणाने आपल्या जुन्या बुलेटचा ठोका मुद्दाम अगदी मंद करून आणला होता. मिस्त्रींनी कान दिला आणि ते म्हणाले, “सर, ठोका मोजायला ग्वाड वाटतोय, पर वर तेल चढंना झालंय. ह्यो आवाज न्हवं, ह्यो खोकला हाय.” त्यांचे खरेच होते. तेलाचा पंप इंजिनाच्या फेऱ्यांवरच चालतो. फेरे फार उतरले की वरच्या भागांना तेल कमी पोचते. म्हणजे मालक आवाजाची चव घेतो आणि गाडी झिजत राहते.

पुंगळीची गोष्ट तर याहून मौजेची आहे. सायलेन्सरात भोकांची नळी आणि पडदे असतात. धक्क्याधक्क्याने बाहेर येणारा वायू त्यांतून वळसे घेत थंडावतो. ते काढून टाकले की दणका वाढतो, जोर मात्र वाढतोच असे नाही. चालत्या गाडीचे बटण क्षणभर बंद करून पुन्हा चालू केले की ‘फाट्’ होते. म्हणजे इंजिनात जळायचे पेट्रोल नळीत जाऊन जळते. जे आत कामी यायचे ते बाहेर ओरडण्यात गेले! 1985 साली आलेल्या यामाहाच्या आरएक्स 100 सारख्या टू-स्ट्रोक गाडीत तर धुराची नळी हा इंजिनाचाच एक अवयव. तिचे फुगणे आणि निमुळते होणे असे बेतलेले असते, की निसटू पाहणारा ताजा वायू परत आत ढकलला जावा. तेथे हातोडी चालवली, की आवाज दुप्पट आणि चढावर गाडी रडते.

एके काळी गाडीची प्रतिष्ठा आवाज करण्यात नव्हे, न करण्यात होती. 1907 साली रोल्स-रॉइसने आपल्या एका गाडीला ‘सिल्व्हर घोस्ट’, रुपेरी भूत, असे नाव दिले. भुतासारखी ती मुकाट्याने जाते, हीच तिची बढाई. आमच्याकडे दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक दसरा चौकात येते. ती दिसावी म्हणून माणसे टाचा उंचावतात. तिने ओरडून आपली ओळख करून द्यावी, असे कुणाच्या मनातही येत नाही.

कायद्याने या प्रश्नाचा आपल्यापुरता निकाल लावून टाकला आहे. 2000 सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल. मोठ्या शहरांतले पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवतात. लोखंड चपटे होते. शौक चपटा होतो की नाही, याची मला शंका आहे.

खरा आवाज चांगला आणि खोटा वाईट, असे म्हणून मी येथे थांबणार होतो. पण विजेच्या मोटारींनी घोटाळा केला. त्या इतक्या मुक्या, की आंधळ्या माणसाला त्या आल्याचे कळेना. तेव्हा युरोपात 2019 पासून विजेच्या नव्या मॉडेलांनी हळू चालताना कृत्रिम आवाज करावा, असा नियम झाला. हा आवाज सर्वस्वी बनावट. तरी मला त्यात पाप दिसत नाही. कारण तो चालवणाराच्या हौसेसाठी नसून रस्ता ओलांडणाराच्या जिवासाठी आहे. म्हणजे आवाज कुठून निघाला एवढेच पुरत नाही. तो कुणासाठी निघाला, हेही पाहावे लागते.

माझा एक जुना विद्यार्थी आहे. वडील वारले, त्यांची बुलेट अंगणात उभी राहिली. संध्याकाळी तिचा ठोका ऐकू आला की आई चहाचे आधण ठेवी, हे त्याने लहानपणापासून पाहिलेले. तोच आवाज पुन्हा घरात यावा म्हणून त्याने बाजारातला भारी सायलेन्सर आणून बसवला. आई कानांवर हात ठेवून म्हणाली, “त्यांची गाडी अशी वरडत न्हवती रं.” मग तो मिस्त्रींकडे आला. मिस्त्रींनी जुनाच सायलेन्सर साफ केला, पडदे नीट केले, ठोका बेताचा लावला. मी तेव्हा तेथेच होतो. मला तर तो आवाज हुबेहूब वाटला.

आठ दिवसांनी पोरगा भेटला. म्हणाला, “सर, आई म्हणते, आवाज त्योच हाय, पर तुझं बाबा कोपऱ्यावर आलं की मूठ सोडायचं. कुणाचं बाळ निजलं असंल म्हणून. आवाज उतरत उतरत दारात यायचा.”

तो आता कोपऱ्यावर मूठ सोडतो की नाही, हे मी अजून त्याला विचारलेले नाही.