आठशे आणि दोनशे

रविवारच्या ऑनलाइन सरावात धडा होता फ्रेंचमध्ये भाव विचारण्याचा. टोमॅटो झाले, शर्ट झाला, रेल्वेचं तिकीट झालं. मग टेंभुर्णीच्या विद्यार्थिनीने पुण्याच्या विद्यार्थ्याला विचारलं, ‘या क्लासचे किती?’ तो फ्रेंचमध्ये म्हणाला, ‘तासाला आठशे.’ ती एकदम मराठीत म्हणाली, ‘मी तर दोनशे देते.’

माझा माईक चालू होता, पण बोलायला काही सुचेना.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर. टेंभुर्णीत राहून घरून काम करतो. पुण्यात नोकरी करताना फ्रेंचच्या बी-२ पातळीपर्यंत परीक्षा दिल्या होत्या. आता संध्याकाळी शिकवण्या घेतो, तेवढीच वरकमाई.

पुण्याच्या विद्यार्थ्याला कॅनडाला जायचंय. तिथल्या एक्स्प्रेस एन्ट्रीत ठरावीक पातळीचं फ्रेंच येत असेल तर ५० पर्यंत जादा गुण मिळतात. २०२३पासून फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळ्या निवडफेऱ्याही होतात. त्याची गरज मोठी, पगारही बरा, म्हणून आठशे. मुलीच्या वडिलांचं हायवेला पंक्चरचं दुकान आहे. तिला पुढे फ्रेंच शिकवायचंय. म्हणून दोनशे. श्रीमंताकडून जास्त, गरिबाकडून कमी. यात चुकीचं काय, असं मला वाटायचं.

सराव संपल्यावर त्याचा मेसेज आला, ‘सर, आधी सांगितलं असतं तरी मी आठशे दिले असते.’ तो चिडला नव्हता. दुखावली होती ती. दुसऱ्या दिवशी घरी आली आणि म्हणाली, ‘दादा, मला कमी शिकवता का?’

मी नाही म्हणालो. ते खरंही होतं. पण तिच्या प्रश्नाला ते उत्तर नव्हतं. तिला विचारायचं होतं, तुम्ही माझ्याकडे बघून काय ठरवलंत?

शिकवण्याची किंमत कोणी ठरवायची, हा प्रश्न जुना आहे. सॉक्रेटिस पैसे घेत नसे. त्याच्याच काळातला प्रोटॅगोरस मात्र फी घेऊन शिकवायचा. ॲरिस्टॉटल सांगतो की तो शिष्यालाच विचारायचा, तुला मिळालेल्या ज्ञानाचं मोल तू किती करतोस? आणि शिष्य सांगेल तेवढं घ्यायचा. आपल्याकडे याचं दुसरं टोक आहे. द्रोणाचार्यांनी एकलव्याला काही शिकवलंच नाही, पण दक्षिणा त्यांनीच ठरवली, आणि अंगठा मागितला. समोरच्याकडे काय आहे हे हेरून मागितलेली ती किंमत होती.

मला वाटत होतं, मी पहिल्या टोकाच्या जवळ आहे. प्रत्यक्षात दुसऱ्या टोकाच्या जवळ होतो. एकाची गरज हेरली, दुसरीची गरिबी. हेतू चांगला होता, पण पद्धत तीच. पाऊस पडला की कॅबचं ॲप भाडं वाढवतं तेव्हा आपण शिव्या घालतो. मी तेच माणसं बघून करत होतो, आणि गुपचूप.

रात्री जेवताना आण्णांना सांगितलं. आमचा ऊस आहे. २०२५-२६च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेली एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये. त्यातूनही तोडणी-वाहतूक वजा होते. स्वतः पिकवलेल्या उसाचा दर आण्णांनी आयुष्यात कधी ठरवलेला नाही.

ते म्हणाले, ‘आमचा दर दिल्लीत ठरतो, लेका. तुला सवताचा ठरवाय मिळतोय आन् तू रडतोस व्हय?’ मग भाकरी मोडता मोडता म्हणाले, ‘पण एक हाय. ऊस कुणाचा हाय हे बघून दर बदलत न्हाई.’

त्या दराबद्दल आण्णांच्या तक्रारी पुष्कळ आहेत. पण काट्यावर उभं राहिल्यावर त्यांची ऐपत कोणी जोखत नाही. ती जोखल्यावर सवलत मिळाली, तरी माणूस थोडा लहान होतो, हे मला उशिरा कळलं.

वेगवेगळी फी घेणं वाईट, असं मला अजूनही वाटत नाही. सगळ्यांना एकच आकडा लावला तर पंक्चरच्या दुकानातली मुलगी दारातूनच परत जाईल. प्रश्न एवढाच, की सूट कोणाच्या तोंडून यावी? मी अंदाज बांधून दिली तर ती दया होते. तिने स्वतः मागितली तर तो व्यवहार राहतो.

आता एकच दर लिहून ठेवलाय. तासाला ५००. खाली एक ओळ: ‘एवढे जमत नसतील तर जमतील तेवढे सांगा. कारण विचारणार नाही.’ प्रोटॅगोरसकडून उसनं घेतलेलं आहे. यात फसवणूक होऊ शकते, ऐपत असलेलाही कमी सांगेल. पुण्याकडून येणारे तासाला तीनशे तर गेलेच. ते मला टोचतं, खोटं कशाला बोलू.

मुलीने ओळ वाचली, थोडा वेळ हिशेब केला आणि म्हणाली, ‘तीनशे.’

मी कारण विचारलं नाही.