समई आपल्या घरी आहे काय?

शास्त्रपाठ : प्रकटीकरण २:१-७, अनुवाद ६:४-९.



इफिस ही ग्रीक लोकांनी वसविलेली समुद्रकाठची नगरी. पौल प्रेषिताने तेथे सुमारे तीन वर्षे अश्रू गाळून बोध केला. इ. स. ४३१ मध्ये तेथे ख्रिस्ती मंडळ्यांची मोठी परिषद भरली, आणि सहाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलच्या जस्टिनियन बादशहाने तेथे योहानाच्या नावाने भव्य मंदिर बांधविले. आज त्या नगरीचे बंदर गाळाने बुजून समुद्र दूर सरला आहे. मंदिराचे खांब व पडक्या भिंती पाहावयास प्रवासी येतात आणि पाहून परत जातात. ह्याच मंडळीस प्रभूने बजाविले होते की, तू पहिली प्रीति सोडिली आहेस. परत फिरली नाहीस तर तुझी समई तिच्या ठिकाणाहून काढिली जाईल. दगड राहिले, समई गेली.

कोणी म्हणेल, हे दूरदेशीचे झाले. तर आपल्या पनवेलच्या आसपासच पाहू या. त्याच जस्टिनियन बादशहाच्या काळी अलेक्झांड्रियाचा कॉस्मास नावाचा एक व्यापारी होऊन गेला. त्याने ग्रीक भाषेत लिहून ठेविले आहे की, कल्लियाना येथे ख्रिस्ती लोक असून त्यांचा बिशप इराणातून नेमिला जातो. हे कल्लियाना म्हणजे आपले कल्याण, असे पुष्कळ विद्वान मानितात. आज कल्याणात ख्रिस्ती मंडळ्या आहेत, पण त्या अलीकडच्या. त्या जुन्या मंडळीची म्हणून दाखवावी अशी एक भिंतही उरलेली नाही.

आता दक्षिणेस, अलिबागच्या पुढे रेवदंड्यास चला. तेथे पोर्तुगीजांनी तट बांधिला, देवळे व मठ उभारिले. तट असा बळकट की, १५७०-७१ चा निजामशाहीचा वेढाही त्यांनी परतविला. पण १७४० साली ते ठाणे मराठ्यांच्या हाती गेले. आज माडांच्या वाड्यांत त्या देवळांचे अवशेष उभे आहेत. फ्रान्सिस्कन मठाच्या मनोऱ्यास लोक सातखणी म्हणतात. मनोरा उंच आहे, पण तेथे प्रार्थनेस कोणी जमत नाही. मात्र खाडीपलीकडे कोर्लई गावी, किल्ल्याच्या पायथ्याशी, साध्या लोकांची एक ख्रिस्ती वस्ती आजही नांदत आहे. पोर्तुगीज व मराठी यांच्या मिलाफाने झालेली आपली निराळी बोली ते घरोघर बोलतात. तट रक्षण करू शकला नाही ते चुलीने राखिले.

ह्याच चौलच्या किनाऱ्यावर, पोर्तुगीजांच्याही पूर्वी, सुमारे १४७० साली अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी उतरला. त्याच्या लोकांस ख्रिस्ती धर्म कॉन्स्टँटिनोपलहूनच मिळालेला होता. त्याची धर्मपुस्तके वाटेत लुटली गेली होती. उपास केव्हा, पुनरुत्थानाचा सण केव्हा, हे सांगणारे कोणी नव्हते, म्हणून तो अंदाजाने दिवस मोजीत असे. जुन्नरास तेथील खानाने त्याचा घोडा घेतला व धर्म बदलल्यास परत देईन म्हटले. तेव्हा एका मुसलमान सद्गृहस्थानेच रदबदली करून त्यास सोडविले. देऊळ नाही, पाळक नाही, पुस्तक नाही, तरी तो माणूस आपले सण मोजीतच राहिला. आपल्या भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली आहे. मोजणारे कोण आहे?

शेवटी पनवेलातच परत या. येथे १८४९ साली बांधिलेले बेने इस्राएल लोकांचे बेथ-एल सभास्थान आहे. ह्या लोकांचे पूर्वज नौगावाजवळ जहाज फुटून किनाऱ्यास लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. इब्री भाषा ते जवळजवळ विसरले. पण तेलाच्या घाण्यावर राबणारे हे लोक शनिवारी घाणा थांबवीत, म्हणून कोकणात त्यांस शनिवार तेली हे नाव पडले. आणि देव एकच आहे, ही अनुवादातील साक्ष त्यांच्या मुखी राहिली. हीच आज्ञा सर्वांत पहिली असे आपल्या प्रभूने सांगितले आहे. ती कशी राखावी हेही शास्त्र तेथेच सांगते : मुलांस शिकवावी, घरी बसता, वाटेने चालता, निजता व उठता तिच्याविषयी बोलावे. सभास्थान उभे राहण्यापूर्वी पिढ्यान् पिढ्या तिचे स्थान घर हेच होते.

ह्यावरून बोध काय? मंदिर नको असे मी म्हणत नाही. पावसाळ्यापूर्वी कौले शाकारावी, भिंतीस चुना द्यावा. हे योग्यच आहे. पण कौलांसाठी वर्गणी गोळा करणाऱ्या मंडळीतील किती घरांत संध्याकाळी प्रार्थना होते? आपली मुले कामासाठी पनवेलास, मुंबईस जातात. तेथे रविवारीही काम पडते, खोलीत चार परके सोबती असतात, आणि हाक मारून मंदिरात नेणारे कोणी नसते. त्या दिवशी त्या मुलाजवळ निकितिनाप्रमाणे तोंडपाठ असलेले तेवढेच राहील. ते तोंडपाठ करविणे आज आपल्या हाती आहे. आजी प्रार्थना करिते आणि नातू दाराबाहेर बसून असतो, असे ज्या घरी आहे, तेथे समई आताच हलू लागली आहे.

उपदेशक बंधूंनो, ह्या आठवड्यात घरे मोजू नका, घरांत जाऊन बसा. लेकरांस प्रभूची प्रार्थना म्हणावयास सांगा. त्यांस येत नसेल तर आईबापांस दोष न देता, त्यांच्यासह बसून शिकवा. उशीर झाला असे कोणी मनात आणू नये. इफिसकरांस दिलेली ती धमकी खरे पाहता बोलावणे होते : जेथून पडलास ते आठव व फिर. प्रभु आजही समयांमधून चालत आहे.

हे प्रभो, आमची मंदिरे राख. पण त्याआधी आमच्या घरांतील वात विझू देऊ नको. आमेन.