जागरण आणि जागृती



सुरतेत रात्र कधी पूर्ण शांत होत नाही. उधना, लिंबायत या भागांत यंत्रमाग १२-१२ तासांच्या पाळ्यांनी चालतात आणि खानदेशातून आलेली असंख्य मराठी कुटुंबे त्या खडखडाटातच झोपी जातात. झोप मोडते ती आवाजाने नव्हे, तर लोक आपल्याला काय म्हणत असतील या विचाराने. दिवसा कोणी सहज बोललेला शब्द रात्री दोन वाजता उशाशी येऊन बसतो.

सप्टेंबर १९९४ मध्ये येथे प्लेगची साथ आली आणि लाखो माणसे शहर सोडून गेली. 'सुरतेहून आलो' एवढे म्हणताच कित्येक ठिकाणी लोक संशयाने पाहू लागले. माणूस कसा आहे हे न विचारता, तो कोठून आला एवढ्यावरच निवाडा झाला. पुढे हेच शहर स्वच्छतेसाठी नावाजले गेले, ते बदनामीची खंत करून नव्हे, तर रस्ते झाडून, कचरा उचलून. बोलण्यातला जो भाग खरा होता तो कायकाने दूर झाला. जो खोटा होता, त्याला उत्तर देण्याची गरजच उरली नाही.

अक्कमहादेवी कल्याणला आल्या तेव्हा अनुभवमंटपात अल्लमप्रभूंनी त्यांची कठोर परीक्षा घेतली, असे शून्यसंपादनेत वर्णन आहे. तुझा पती कोण? वस्त्र टाकलेस, मग केसांनी देह का झाकतेस? अक्का या प्रश्नांनी दुखावल्या नाहीत आणि विचारणाऱ्याला आवडावे म्हणून बदललीही नाहीत. त्यांनी शांतपणे उत्तर दिले. लोकापवाद त्यांना ठाऊक नव्हता काय? होता. परंतु 'मी कोण' याचा निर्णय त्यांनी चेन्नमल्लिकार्जुनाखेरीज कोणावर सोपविला नव्हता.

आपल्या धर्मात प्रत्येकाच्या देहावर त्याचे स्वतःचे इष्टलिंग असते. याचा अर्थ काय? तुमच्या आणि शिवाच्या मध्ये शेजारी, नातलग वा समाज, कोणीच न्यायाधीश म्हणून बसलेला नाही. मात्र याचा अर्थ स्वैर वागण्याची मुभा असाही नव्हे. मध्यस्थ नाही, म्हणून जबाबदारीही आपल्यावरच येते.

म्हणून झोप न येईल तेव्हा तळमळत पडू नका. उठून बसा, इष्टलिंग तळहाती घ्या आणि स्वतःला विचारा : माझ्याविषयी जे बोलले गेले ते खरे आहे काय? खरे असेल तर सकाळी सुधारा, खोटे असेल तर सोडून द्या.

मग दुसरा प्रश्न विचारा, तो अधिक अवघड आहे : आज मी कोणाचा निवाडा केला? रात्री आरोपी होऊन तळमळणारे आपणच दिवसा न्यायाधीश होतो. आपल्या एखाद्या शब्दाने दुसऱ्या घरात कोणी या क्षणी जागे असेल. त्याची आठवण झाली, की जागरण संपते आणि जागृती सुरू होते. शरणांनी तिलाच 'अरिवु' म्हटले आहे.

शरणु शरणार्थी.